कणेरीला लेकरं घेऊन जाताना

सुट्ट्या लागल्या की कोल्हापुरात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आणि बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. पहाटे अंबाबाई, मग जोतिबा आणि पन्हाळा, दुसऱ्या दिवशी कणेरी मठ आणि न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा. मध्ये कुठेतरी तांबडा-पांढरा. मोठ्यांना हा बेत झेपतो. बरोबर दोन ते सात वर्षांचं पोर असेल तर मात्र त्याची निम्मी सहल रांगेत जाते, उरलेली गाडीत पेंगण्यात. घरी आल्यावर त्याला आठवतं काय, तर हॉटेलातला पंखा.

खरं तर त्या वयाला रमवणाऱ्या कितीतरी गोष्टी याच वाटेवर आहेत. त्या तिकिटावर छापलेल्या नसतात आणि जाहिरातीतही दिसत नाहीत. बऱ्याच फुकट आहेत, काही नुसत्या विचारल्या तरी मिळतात. त्यासाठी एकच करायचं: दिवसाला दोनच ठिकाणं धरायची, एक सकाळी आणि एक उन्हं उतरल्यावर. मधला वेळ जेवणाचा आणि झोपेचा. तिसरं ठिकाण यादीत घातलं की रडारड ठरलेलीच.

कणेरीपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या भागात ‘थीम पार्क’ म्हणावं असं लहान मुलांना खरोखर कळणारं ठिकाण तेच. कोल्हापूरहून बेळगावच्या दिशेनं साधारण बारा किलोमीटरवर, गोकुळ शिरगावजवळ काडसिद्धेश्वरांचा मठ आहे. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय म्हणजे मोकळ्या आभाळाखाली उभं केलेलं जुनं गाव. सुमारे सात एकरांत ऐंशीच्या आसपास देखावे आणि तीनशेच्या घरात पुतळे. पुतळे सिमेंटचे, पण असे हुबेहूब की पहिल्यांदा येणारा माणूस एखाद्या आजोबांना रस्ता विचारायला पुढे होतो. सुरुवातीला ऋषीमुनींच्या गुहा आहेत. लहानग्यांना घेऊन तिथून पटकन पुढे सरका, कारण त्यांचं गाव पुढे आहे.

गावात शिरलात की चालायचा वेग मुलाच्या हाती सोपवा. तुम्हाला सगळे देखावे बघायचे असतील, त्याला एकच बघायचा असेल. कुंभार चाकावर मडकं ओढतोय, तिथे ते थांबलं तर तुम्हीही त्याच्या शेजारी उकिडवे बसा. उभ्यानं तुम्हाला कुंभाराचा फेटा दिसतो. त्याच्या उंचीवरून दिसतात ते कुंभाराचे हात, चिखलात रुतलेली बोटं आणि वाकल्यावर उमटलेल्या सुरकुत्या. प्रश्न तिथूनच सुरू होतात: याचे हात धुतलेत का, हे मडकं कधी पुरं होणार, हा घरी कधी जाणार? उत्तरं द्यायची घाई करू नका. ‘तुला काय वाटतं?’ म्हणा. त्या एका देखाव्यापाशी पंधरा-वीस मिनिटं आरामात जातात आणि ती वाया गेलेली नसतात.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी शोधाचा खेळ लावा. डोक्यावर हंडा घेतलेली बाई शोध. हातोडा उगारलेला माणूस शोध. ज्याची दाढी चालली आहे तो शोध. सहा-सात वर्षांचं असेल तर त्याच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि प्रत्येकाचं एकेक हत्यार काढायला सांगा: लोहाराचा भाता, सुताराचा रंधा, चांभाराची आरी, न्हाव्याचा वस्तरा. चित्र कसंही येऊ दे. ती वही पुढे बरीच वर्षं घरात राहते. मोबाइलमधले फोटो कुणी उघडून बघत नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर वाटाड्या म्हणून त्यांनाच पुढे करा. जातं, उखळ, मोट, पाटा-वरवंटा, खळं हे आपल्याला ऐकून माहीत असतं, त्यांनी ते वापरलेलं असतं. मोटेपाशी आजोबा सांगतात की बैल मागे सरताना मोट विहिरीत उतरायची आणि पुढे जाताना भरून वर यायची. मग नातवंडाला बैल करून दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे चालवतात. एवढ्यानं त्याला जे कळतं ते कुठल्या पाटीवर वाचून कळत नाही. आजोबा बोलत असताना मोबाइलवर त्यांचा आवाज तेवढा टिपून ठेवा.

एका गोष्टीची तयारी मात्र मनाशी करून जा. हे गाव फार नेटकं आणि समाधानी दाखवलं आहे, बारा बलुतेदार आपापल्या कामात सुखी. सात-आठ वर्षांचं चुणचुणीत पोर विचारू शकतं, ‘चांभाराच्या मुलाला कुंभार व्हायचं असेल तर?’ हा प्रश्न टाळू नका. व्हायला देत नसत, हे त्याला सरळ सांगा. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हेही सांगा. लहान मुलाला ‘राजानं सगळ्यांना शाळेत बसवलं’ एवढं पुरतं, आणि ते या सहलीचाच भाग आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तिथल्या सोयी-गैरसोयींचं. सगळा फेरा पायी आहे आणि बराचसा उघड्यावर. एप्रिल-मे मध्ये सकाळी उघडताच आत शिरा, उन्हाच्या आत बाहेर पडा. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस छत्रीला दाद देत नाही. पोराला रेनकोट हवा आणि कपड्यांचे दोन जोड जादा हवेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. बाबागाडी ओढत बसण्यापेक्षा तान्ह्या बाळाला अंगावर बांधायची झोळी बरी, कारण वाटेत चढउतार आहेत. पुतळ्यांना हात लावायचा नाही, हे आत जाण्यापूर्वीच खेळाचा नियम म्हणून सांगून ठेवा. आत गेल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

आरशांची, अंधाराची किंवा कर्कश आवाजाची दालनं कणेरीत असोत की आणखी कुठल्या पार्कात, चारपाच वर्षांच्या आतल्या मुलाला आग्रहानं नेऊ नका. ‘पैसे भरलेत’ हे त्याला भीतीपुढे पटत नाही. मोठ्या भावंडाला एकानं न्यावं, दुसऱ्यानं धाकट्याला घेऊन मठाच्या गोशाळेकडे जावं. खिलारीसारख्या देशी गाई, वासरं, वैरणीचा वास, गळ्यातल्या घंटा. शहरातल्या मुलाला याचं अप्रूप तिकिटाच्या खेळापेक्षा जास्त असतं. गाईला काही खाऊ घालायचं असेल तर आधी तिथल्या सेवकाला विचारा. पिशवीतलं उरलंसुरलं पुढे करू नका.

कणेरीत पुतळ्यांत पाहिलेलं कोल्हापुरात परत जिवंत दाखवता येतं, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना नेमकं हेच माहीत नसतं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने घराघरांत मूर्ती उभ्या असतात. काही कच्च्या, काहींना नुसता पांढरा हात दिलेला, काहींचे डोळे राहिलेले. दारात उभं राहून ‘पोराला दाखवू का?’ एवढं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. कामाच्या गर्दीत आत घुसू नका, उंबऱ्यापाशीच थांबा.

दुसरं म्हणजे चप्पल लाइन. भवानी मंडपाच्या परिसरात कोल्हापुरी चपलांची दुकानं ओळीनं आहेत. पाहुणे स्वतःसाठी घेतात आणि निघतात. ‘लहान मुलाच्या मापाची आहे का?’ असं विचारा. तळहातावर मावणारी, अंगठ्याची, वर लाल गोंडा असलेली चप्पल दुकानदार आतून काढून देतो आणि पोर दुकानातच कर्रकर्र वाजवत फिरायला लागतं. नवी कोल्हापुरी कोवळ्या पायाला चावते. पट्ट्याला आतून खोबरेल तेल चोळा, पहिले काही दिवस घरातच घालू द्या आणि सहलीत चालायला मुलाचे रोजचे बूटच ठेवा.

गुऱ्हाळ बघायचं तर दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की या. करवीर, कागल, पन्हाळा तालुक्यांत रस्त्याकडेला धूर आणि गोड वास आला की समजावं. कुणाच्या ओळखीनं गेलात तर उत्तम, नाहीतर गाडी थांबवून विचारायचं. घाण्यातून रस निघतो, काहिलीत उकळतो, वरची मळी काढतात, रस घट्ट होत जातो आणि शेवटी साच्यात ओतला की गुळाचा रवा तयार. मुलांना ऊस, रस, काकवी, गरम गूळ असं पायरीपायरीनं चाखता येतं. पण काहिल ही धोक्याची जागा आहे. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो चिकटून राहतो. पाच वर्षांखालच्या मुलाला कडेवरून खाली सोडू नका, मोठ्याचा हात धरूनच ठेवा.

संध्याकाळी गंगावेशीत दुधाचा कट्टा भरतो. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचे ग्लास लोक उभ्याउभ्या रिचवतात. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आणि वर चढत जाणारा फेस बघताना मुलं पापणी हलवत नाहीत. दाखवायला जरूर न्या, पण लहानग्यांना ते कच्चं दूध पाजू नका. म्हैस कितीही निगुतीनं पाळलेली असली तरी न तापवलेल्या दुधातून जंतू पोटात जाऊ शकतात आणि कोवळ्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. विकत घेऊन घरी किंवा मुक्कामी उकळून द्या. दिवाळीत आलात तर पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, त्यांना नटवून-सजवून मिरवतात, तो थाट मुलांना चुकवू नका.

न्यू पॅलेसबद्दल थोडक्यात सांगतो. हा वाडा १८७७ ते १८८४ या काळात मेजर मँटच्या आराखड्यानुसार बांधला गेला, आणि आतलं वस्तुसंग्रहालय मोठ्यांना तासभर गुंतवून ठेवतं. शस्त्रं आणि तसबिरी बघताना धाकटी पोरं कंटाळतात. शिवाय आत पेंढा भरलेले वाघ आहेत आणि काही मुलं त्यांना जाम घाबरतात. ‘तो आता उठणार नाही’ हे आधीच सांगून ठेवा, किंवा आलटूनपालटून आत जा. बाहेर आवारात हरणं आहेत, पक्षी आहेत, सावली आहे. एका पालकाचा आणि धाकट्याचा वेळ तिथे मजेत जातो.

पन्हाळ्याला आणखी ११ किल्ल्यांसह २०२५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामुळे गर्दी वाढली आहे. लहान मुलांना घेऊन सगळा गड पालथा घालू नका. अंबरखान्यात जा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली धान्याची ही प्रचंड कोठारं. आत उभं राहून पोराला स्वतःच्या नावानं हाक मारायला सांगा आणि आवाज कसा घुमतो ते ऐकू द्या. मग ‘इथे धान्य भरून ठेवायचे, म्हणजे वेढा पडला तरी गडावरची माणसं उपाशी राहायची नाहीत’ हे सांगा. इतिहास एवढा पुरे. त्यानंतर झाडाखाली बसून झुणका-भाकर. वारा भन्नाट असतो, कानटोपी उन्हाळ्यातसुद्धा जवळ ठेवा. कड्याच्या बाजूला मूल तटावर बसवून फोटो काढू नका.

रंकाळ्यावर घोडा, होडी, भेळ हे सगळे करतातच. तिथल्या नंदीची गोष्ट मात्र फार कमी पालक सांगतात. दंतकथा अशी की रंकाळ्याजवळचा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि तो तळ्यात पोचला की प्रलय होणार. निघताना खिशात चार गहू आणि चार तांदूळ टाका. नंदीपुढे मुलाच्या तळहातावर ते ठेवून कोणता मोठा ते बघायला सांगा. मग नंदी तळ्याकडे चाललाय की मागे, याचा हिशोब तो स्वतःच मांडू लागतो. आमच्याकडच्या मुलांना हा खेळ घोड्यापेक्षा जास्त आवडतो.

अंबाबाईच्या देवळात सुट्टीच्या दिवशी रांग लांबते. तान्हं बाळ किंवा कुरकुरणारं पोर असेल तर मुखदर्शनाचा मार्ग धरा, लांबून का होईना देवी दिसते. हाताला धरून चालणाऱ्या मुलाच्या मनगटावर बॉलपेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. घामानं पुसत नाही. चुकलंच तर ‘पोलीसकाका किंवा दुकानातल्या मावशींकडे जायचं’ असं त्याला आधीच शिकवून ठेवा; ‘जिथे आहेस तिथेच थांब’ हेही. मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर घरातल्या प्रत्येक मोठ्याच्या मोबाइलमध्ये असू द्या.

खाण्याची काळजी पाहुण्यांना फार असते: ‘कोल्हापुरात लेकराला काय द्यायचं?’ मटणाच्या खानावळीत बसलात तर ‘आळणी’ मागा. तिखट-मसाला घालण्याआधीचं, आलं-लसूण-हळदीत शिजलेलं मटणाचं पाणी ते. भातावर घालून द्या, मूल चाटूनपुसून खातं. पांढरा रस्सा दिसायला सौम्य असला तरी त्यात मिरी असते, आधी आपण चाखून बघा. शाकाहारी असाल तर दावणगिरी लोणी डोसा, मऊ लुसलुशीत, चटणी बाजूला ठेवून. मिसळीच्या दुकानात गेलात तर मुलाला कटाशिवाय नुसती मटकी-फरसाण आणि पाव द्या, बरोबर दही.

एसटीनं येणाऱ्यांना काही सवलती ठाऊक असाव्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बाराला अर्धं. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना प्रवास फुकट, वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. बाळाला अंगावर पाजायचं असेल तर स्थानकावर ‘हिरकणी कक्ष कुठे?’ असं थेट विचारा. अनेक स्थानकांवर तो असतो. कुलूप दिसलं तर स्थानकप्रमुखांकडे किल्ली मागा. लाजायचं काही कारण नाही, तो तुमच्यासाठीच केलेला आहे.

कोल्हापूरची पुष्कळ कुटुंबं आता खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही जातात. २०१३ साली ते सुरू झालं. इथून पुण्यापुढे जायचं म्हणजे सहा तासांच्या आसपासचा प्रवास, म्हणून आदल्या रात्री पुण्यात किंवा लोणावळ्याला मुक्काम करा. सकाळी निघून, खेळून, रात्री परत हा बेत लहानग्यांना घेऊन करू नका. निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलाची उंची मोजा. अशा उद्यानांत कुठल्या पाळण्यात बसायचं हे वयापेक्षा उंचीवर ठरतं, आणि दारात पोचल्यावर ‘तुला नाही बसता येणार’ हे ऐकणं मुलाला फार लागतं. घरीच दोघांनी मिळून त्याच्या उंचीचे पाळणे निवडले की तो तिथे हक्कानं जातो.

परदेशातल्या डिस्नेच्या उद्यानांत पालकांसाठी एक चांगली सोय आहे. आई धाकट्याला घेऊन बाहेर थांबते, बाबा मोठ्या खेळण्यात बसून येतो, मग आईला परत सगळी रांग न लावता आत सोडतात. अमेरिकेत मुलीकडे, सुनेकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीही हे ध्यानात ठेवावं. पहिल्यांदा आलेल्या मुलाला किंवा वाढदिवस असलेल्याला तिथे बिल्ला मिळतो, तोही फुकट, फक्त मागावा लागतो. आपल्याकडच्या कुठल्याही उद्यानात असं काही आहे का, हे प्रवेशद्वाराशीच विचारा: अदलाबदलीनं बसता येईल का, बाळाचे कपडे बदलायची खोली कुठे आहे, दूध गरम करून मिळेल का, आज वाढदिवस आहे तर काही करता का? विचारणाऱ्याला कर्मचारी बहुधा आनंदानं मदत करतात.

पाण्याच्या उद्यानात जाणार असाल तर मुलाला भडक केशरी किंवा पोपटी पोहण्याचा पोशाख घाला. निळ्या पाण्यात निळा कपडा दिसत नाही. हवा भरलेल्या दंडपट्ट्यांवर विसंबू नका. उथळ पाण्यातसुद्धा एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच, आणि त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल नको.

परतीच्या दिवशी काहीच ठेवू नका. गूळ, चटणी, चप्पल यांची खरेदी आदल्या संध्याकाळी उरकून घ्या. गुळाचे मोठे रवे मिळतात तसे किलोचे छोटेही मिळतात. एक छोटा रवा मुलाच्या हातानं निवडू द्या आणि त्याच्याच पिशवीत ठेवा. गाडीत बसताना खिडकीची जागा त्याची.